हवालदारांची कंपनी

"आदी बसा, भाकरी मोडा. कंपनी म्हंजी काय, ठावं हाय का?"

शिरवळच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हे ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. बोलणारे गृहस्थ स्टोअरला होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांचे हवालदारच.

"व्हय, ठावं हाय, जेवू द्या आता!" आम्ही ओरडायचो. तरी ते सांगायचेच. फौजेत कुण्या शिकवणाऱ्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, हा शब्द मूळचा लॅटिन. 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकरी. सोबत बसून भाकरी खातात ती कंपनी. "फौजेतली कंपनी तीच, ही बी तीच. आन् आपला पाव त्याच पानिसचा नातू!"

"मग पगार पानिसकडनं मागू का?" मी विचारायची. मी आधीच फाटक्या तोंडाची. ते हसायचे, इतके की ठसका लागायचा.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा. आपण वैतागतो, आणि तो रजेवर गेला की जेवण बेचव लागतं.

त्यांची बायको वारलेली, मुलगा बंगळूरला. कराडजवळ मलकापुरात घर, पण कुलूपबंद. इथे एका खोलीत राहायचे, रात्री चहात बिस्कीट बुडवून झोपायचे. दिवसातलं दुपारचं हे एकच जेवण ते माणसांत जेवत. "एकट्याला घास उतरत न्हाई गं," एकदा म्हणाले होते. लगेच विषय बदलला.

मग नवा नियम आला. ठेकेदाराच्या माणसांनी कँटीनमध्ये बसायचं नाही, गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवायचं. आम्ही पॅकिंगच्या बायका सगळ्या ठेकेदाराच्याच. दुसऱ्या दिवशी बघतो तर हवालदार डबा घेऊन शेडमध्ये हजर. ते कायम नोकरीतले, त्यांना कुणी बाहेर काढलं नव्हतं.

मॅनेजरनं त्यांना बोलावून समजावलं. निवृत्ती जवळ आलीय, पुढेही ठेवून घेतो, फक्त जेवायला आत बसा. हे कळलं तशी मी भांडलेच.

"आवं, जावा की आत! आमच्यापायी नोकरी घालवता व्हय? मलकापुरात कुणासंगं जेवणार?"

"ते बघू तवाचं तवा," ते म्हणाले आणि लोणच्याची फोड माझ्या झाकणात टाकली.

त्यांना ठेवलं नाही. शाल दिली, हार घातला, फोटो काढला, झालं. मला अजून चीड येते, मॅनेजरची येते आणि खरं सांगायचं तर हवालदारांचीही येते.

परवा माहेरी निघाले होते. गाडी कराडच्या स्टँडवर थांबली आणि खिडकीतून ते दिसले. बाकड्यावर डबा उघडून बसलेले. शेजारच्या माणसापुढे भाकरीचा तुकडा धरला होता. "घ्या की पावणं," असंच म्हणत असणार. वर लाऊडस्पीकर ओरडत होता, अनोळखी व्यक्तीने दिलेले खाद्यपदार्थ घेऊ नका. त्या माणसानं पिशवी पोटाशी धरली, उठला आणि लांबच्या बाकड्यावर जाऊन बसला.

मी कंडक्टरला हाक मारून धडपडत उतरले. पोहोचेपर्यंत त्यांनी डबा बंद केला होता.

"चला, जेवू," मी म्हणाले.

"माझं झालं की गं आत्ताच."

मी त्यांच्या हातातून डबा घेतला. जड होता.