ह्यांना दिलेले कृपागुण

सॉफ्टवेअर कंपनीला मी तक्रारीचे एकवीस अर्ज लिहिले, आणि एकविसाव्या अर्जाने माझंच पितळ उघडं पडलं.

अर्जच म्हणते, कारण मला दुसरं काही लिहिता येत नाही. हिवरखेडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. खडू मागायचे असोत की छप्पर गळत असो, वर ‘विषय’, खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, शेवटी ‘आपली विश्वासू’ आणि वहीत जावक क्रमांक. निवृत्त होऊन अकोल्यात आले तरी हात तसाच चालतो.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात आठवडाभरात हलायला लागला, पण बोलणं गेलं. हे अकोला-परतवाडा गाडीवर कंडक्टर होते. मागच्या सीटवरून आवाज दिला की ड्रायव्हरला घंटीची गरज पडायची नाही. त्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येईना. समजत सगळं होतं. नुसता शब्द सापडत नव्हता. सापडायचं ते एकच, आणि तेही सरळ रांगेत: “अकोला, गांधीग्राम, चोहोट्टा, अकोट, अंजनगाव, पथ्रोट, परतवाडा.” तहान लागली तरी तेच, भूक लागली तरी तेच. कधी कधी मी पाण्याऐवजी चादर आणून द्यायचे, मग ते कपाळावर हात मारायचे, आणि मी आत जाऊन रडायचे.

बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, “घरातल्या वस्तूंची चित्रं दाखवा, नाव विचारा, रोज. सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात, वाया घालवू नका.” मुलगी पुण्याला नोकरीला. तिनं माझ्या मोबाइलवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं, तिला पुण्याहूनही उघडता येईल असं. कॉलेजच्या मुलांनी पाठांतर करावं म्हणून केलेलं. पुढून प्रश्न, मागून उत्तर, अशी कार्डं त्यात आपणच बनवायची. अजून बाजारात आलं नव्हतं, बीटा की काय म्हणतात तसं होतं. फुकट वापरा आणि चुका कळवा.

“तुले तं चुका काढाची सवयच हाय, आई,” मुलगी म्हणाली. पुढे तिनं बटणांबद्दल बरंच समजावलं. मी निम्मं ऐकलं. शिक्षकाला सांगायची सवय असते, ऐकायची नसते.

मी चाळीस कार्डं केली. तांब्या, बादली, चष्मा, कुकर, आमचा दरवाजा, मुलगी, जावई. चाळिसावं कार्ड माझं. मागच्या अंगणात तुळशीपाशी काढलेला फोटो, पाठीमागे लिहिलं ‘बायको’.

चुकांची तर रासच होती. वेलांटी अक्षर सोडून बाजूला जाऊन बसायची. आवाज रेकॉर्ड करायला गेलं की सगळं बंद पडायचं. कुकरचा फोटो आडवा यायचा. आणि सर्वांत वाईट म्हणजे पाच सेकंदांत कार्ड आपोआप उलटून उत्तर दाखवायचं. मी लिहिलं, ‘आमच्या घरच्या विद्यार्थ्यास पाच सेकंदांत ओठ उघडणेही शक्य होत नाही, तरी किमान अर्धे मिनिट मिळावे, ही विनंती.’ पुढच्या वेळी सॉफ्टवेअर नवीन झालं तेव्हा अर्धं मिनिट मिळालं होतं. मी गल्लीत सांगत सुटले. सरकारदरबारी माझा एकही अर्ज इतक्या लवकर मंजूर झाला नव्हता.

एक विनंती मात्र पडून राहिली. शब्द आला नाही तर लाल बटण दाबायचं, ‘विसरलो’. आला तर हिरवं, ‘सोपं’. लाल दाबलं की मोबाइल ‘टुंग’ करायचा. पहिल्या दिवशी तांब्याला मी लाल दाबलं. हे माझ्या बोटाकडेच बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. टुंग झालं, तसा त्यांनी मोबाइल ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारपर्यंत जेवले नाहीत. तो आवाज बंद करता यावा, असं मी कळवलं. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. नोंद म्हणजे काय असते ते मला चांगलं ठाऊक आहे.

मग मी माझा मार्ग काढला. हे ‘तां’ म्हणाले, हिरवं. नुसते ओठ हलले, हिरवं. काहीच नाही, पण कार्डाकडे बघून डोळे चमकले, तरी हिरवं. शाळेत तेहतिसाचे पस्तीस कितीदा केले असतील! एखाद्या पोरीचं वर्ष वाचावं म्हणून कृपागुण द्यायचे, त्यात काय एवढं? आणि माझ्या फोटोला तर पहिल्याच दिवशी हिरवं. फोटो बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्यावर मी लाल दाबणार होते होय?

आमची सकाळ सुखाची झाली. हे रोज पास व्हायचे.

पण महिना-दीड महिन्यात कार्डं गायब व्हायला लागली. चाळिसाची पंधरा झाली, पंधराची चार. मग एका सकाळी एकही आलं नाही. पडद्यावर फुगे उडाले आणि अक्षरं आली, ‘शाब्बास! आजचा अभ्यास संपला.’ माझ्या शेजारी हे तोंड उघडून बसले होते. पाणी हवं होतं, आणि म्हणत होते, “चोहोट्टा, चोहोट्टा.” त्या फुग्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

रोज उघडून बघायचं, रोज फुगे. फार तर एखादं कार्ड. शेवटी एकविसावा अर्ज लिहिला, कडक शब्दांत. विषय: कार्डे गहाळ होणेबाबत. ‘एका आजारी माणसाचा अभ्यास आपल्या हलगर्जीमुळे बुडत आहे’ असंही लिहिलं. त्यांनी आमच्या अभ्यासाची सगळी नोंद मागवली, ती मुलीनं पाठवून दिली. दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी कोणी पोरगीच असावी, फार सांभाळून लिहिलं होतं. काकू, कार्डं कुठेही गेलेली नाहीत. जे ‘सोपं’ असतं ते सॉफ्टवेअर लांब ढकलतं, आणि ‘विसरलो’ म्हटलेलं एका मिनिटात परत आणतं. तुम्ही पहिल्या दिवसानंतर प्रत्येक वेळी ‘सोपं’ दाबलेलं आहे. खाली यादी होती, कोणतं कार्ड कधी येणार त्याची. तांब्या पाच महिन्यांनी. चष्मा सात महिन्यांनी. ‘बायको’ चौदा महिन्यांनी.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी किती वर्गांना समजावून सांगितलं असेल!

मुलीला फोन केला. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. पण ती म्हणाली, “आई, तू बाबाले ढकलपास करून राहिली होती. त्याहिले वाटलं, आपल्याले समदं येते. मशीनलेबी तेच वाटलं.”

“मंग काय करू?” मी विचारलं. “त्याहिचं तोंड पाहवत नाही मले.”

“मले नाही माहीत, आई,” ती म्हणाली.

सोन्याचे महिने. ते मी फुगे बघण्यात घालवले, आणि वरून कंपनीला हलगर्जी म्हटलं. शाळेतल्या त्या पस्तीसवाल्या पोरीही आठवल्या. पुढच्या वर्गात त्यांचं काय झालं, हे मी कधी जाऊन विचारलं नव्हतं.

मुलीनं तिकडूनच सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून लावून दिली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी ह्यांच्याजवळ बसले. पहिलंच कार्ड आलं ते माझं. तुळशीपाशी उभी, पदर खांद्यावर.

“सांगा जी, ही कोण व्हय?”

ह्यांनी बघितलं. डोळे चमकले. ओठ हलले. मी वाट बघितली, पूर्ण अर्धं मिनिट, जे मीच मागून घेतलं होतं. मग ते बोलायला लागले, हळूहळू, माझ्याकडे बघत, “अकोला, गांधीग्राम, चोहोट्टा…” मी मध्ये थांबवलं नाही. परतवाड्यापर्यंत जाऊ दिलं. पोचल्यावर ते माझ्या बोटाकडे बघू लागले.

बोट हिरव्यावर होतं. ते मी उचललं आणि लाल दाबलं.

टुंग झालं. ह्यांनी आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मोबाइल ढकलतील. ढकलला नाही. दोघंही तसेच बसून राहिलो, आणि एका मिनिटानं माझा फोटो परत आला.

“सांगा जी,” मी म्हटलं, “ही कोण व्हय?”