नऊ माणसांची वाडी

सरकारी कागदावर आमच्या वाडीत नऊ माणसं राहतात. तालुक्याच्या कचेरीत तो कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मूळ गावाचं नाव, त्याखाली आमच्या वाडीचं, आणि शेवटच्या रकान्यात नऊ. कारकुनानं त्यावर बोट ठेवलं आणि हसत म्हणाला, नऊ जणांना चार दिवसांतून अर्धा टँकर, म्हणजे चैनच आहे की तुमची.

मी त्याला सांगितलं की एकट्या माझ्या चुलत्याच्या घरात नऊ माणसं जेवायला बसतात, आणि अशी घरं बारा-पंधरा आहेत. तो म्हणाला, असतील, पण कागद आणा.

तेव्हापासून जो राग डोक्यात बसला तो उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमची वाडी सातारा जिल्ह्याच्या पार पूर्वेला आहे. पलीकडच्या माळावर एखादी मेंढी भरकटली तर ती सांगली जिल्ह्यात सापडते. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, तिथला पाऊस, तिथलं धुकं. तो सगळा पाऊस जिल्ह्याच्या सरासरीत धरतात आणि त्या सरासरीत आम्हीही भिजतो, फक्त कागदावर. माळावर मात्र कुसळं आणि बोरीबाभळी. वाडीचा इतिहास विचाराल तर तो कुणी लिहिलेला नाही. पाच पिढ्यांमागं मेंढरं घेऊन चाललेल्या एका माणसाची बायको इथं बाळंत झाली, आणि तीन दिवसांचा तळ महिनाभर लांबला. त्या महिन्यात त्यानं लिंबाखाली बिरोबाचा दगड मांडला. देव मांडला की तळाची वाडी होते. आज वाडीत आहेत ती सगळी माणसं त्या बाळाची नाहीतर त्याच्या भावंडांची. एवढाच आमचा इतिहास, चार वाक्यांचा. पण खोटा नाही.

मग नऊ कुठून आले? त्याचं अर्धं उत्तर मला ठाऊक होतं. शिरगणतीवाले फेब्रुवारीत येतात. आमची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची ती उन्हाळा सरता सरता परतायची. मागच्या शिरगणतीच्या वर्षी मी शाळेतून नाव काढलेलं पोरगं होतो आणि कळपासोबत इस्लामपूरच्या बाजूला, कृष्णाकाठी होतो. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं, बदल्यात धान्य घ्यायचं, हे आमचं काम. तिथल्या बागायतदारांनी आम्हाला गावात मोजलं नाही, कारण आम्ही तिथले नव्हतो. इथं मोजलं नाही, कारण आम्ही इथं नव्हतो. घोड्यावर बिऱ्हाड होतं, चुली पेटत होत्या, लेकरं रडत होती, आणि देशाच्या हिशेबात आम्ही कुठंच नव्हतो.

आता तसं राहिलेलं नाही. पोरं शाळेत जातात, बायका वाडीवरच थांबतात, बाजरी-मटकीचं रान आहे, कळपामागं घरटी एखादाच माणूस जातो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळी वाडी घरात आणि पाणी नऊ जणांचं. टँकर आधी मूळ गावात जातो. उरलेलं आमच्या हौदात सोडतो. हौदाचा तळ झाकला की ड्रायव्हर पाइप गुंडाळतो. माझी चुलती एका घागरीत तांदूळ धुते, त्यात भांडी घासते, ते पाणी मेंढ्यांपुढं ठेवते. मग मला कुणी शांतपणे बोला म्हणून सांगितलं की माझं टाळकं फिरतं.

पुढं मी पुन्हा शाळा धरली, आणि कराडला शिकताना एका चळवळीत होतो. पत्रकं लिहायला तिथं शिकलो: पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत जबाबदार कोण, तिसरीत मागणी. तसं पत्रक छापलं, बाजारच्या दिवशी वाटलं. तहसीलदारांनी भेट दिली. माणूस बरा होता. म्हणाले, तुम्ही घरनिहाय यादी द्या, माझा तलाठी येऊन पडताळणी करेल, खेप वाढवतो. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. त्यानंतर उन्हाळ्याचं नियोजन वर जाणार होतं आणि मग पुढच्या वर्षापर्यंत अर्धा टँकर.

मला वाटलं, काम झालं. वही घेतली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. घरात किती माणसं?

म्हातारी म्हणाली, हायत की.

किती?

द्येवानं दिली तेवढी.

दुसऱ्या घरात पाणी पाजलं, चहा पाजला, आकडा दिला नाही. तिसऱ्या घरातल्या माझ्याच वयाच्या गड्यानं, जो मोबाइलवर दिवसभर क्रिकेटचा स्कोअर मोजतो, तोंड वळवलं आणि सांगितलं की तात्यांना विचार. संध्याकाळपर्यंत माझी वही कोरी. ज्यांच्यासाठी मी उन्हातान्हात पत्रकं वाटली त्यांनीच मला परत पाठवलं. सरकारवर चिडायची मला सवय होती. आपल्याच माणसांवर चिडताना शब्द सुचेनात.

तात्या म्हणजे माझा थोरला चुलता, वाडीतला वडीलधारा माणूस. मी गेलो तेव्हा तो मेंढरं वाघरात घालत होता. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण. एक फट ठेवायची आणि मेंढरं एकेक करून आत सोडायची. तात्या फटीशी उभा राहतो आणि प्रत्येकीच्या पाठीवर हात टेकवतो. मोजत नाही. आमच्यात कुणीच मोजत नाही, ना मेंढरं, ना लेकरं. मोजलं की घटतं, असं मानतात. तात्या नुसता तोंडं बघतो आणि सगळी आत गेल्यावर सांगतो, काळ्या कानाची मागं राहिली, जा बघून ये. आजवर एकदाही चुकला नाही.

मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. पण कॉलेजात गेल्यावर मी ते अडाणीपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. मी तिथंच त्याला सुनावलं. म्हटलं, तुमच्या या नसत्या भीतीपायी पोरं गढूळ पाणी पितायत. सरकारनं आपल्याला मोजलं नाही म्हणून मी भांडतोय आणि तुम्ही मोजू देत नाही.

तात्यानं हातातली मेंढी आत सोडली. मग म्हणाला, "सरकार आलं हुतं."

मला कळेना. त्यानं सांगितलं ते असं. त्या शिरगणतीला मूळ गावच्या शाळेतले एक मास्तर उन्हातून चालत वाडीवर आले होते. तात्या त्या वर्षी पाय मोडल्यानं मागं राहिला होता. मास्तरांनी विचारलं, वाडीत माणसं किती? तात्या गप्प. मास्तर म्हणाले, बाहेर गेलेली धरून सांगा, तसा नियम आहे. तरी गप्प. शेवटी तात्यानं सांगितलं, दिसत्यात तेवढी लिवा. मास्तरांना दिसली तेवढी त्यांनी लिहिली.

नऊ.

म्हणजे जो आकडा मी पत्रकात सरकारच्या तोंडावर फेकला होता तो माझ्या घरातून गेला होता.  मी जे तोंडाला आलं ते बोललो. त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं, की मी म्हणालो, तुम्ही आम्हाला जिवंतपणी पुसलंत.

तात्या चिडला नाही. वाघराची दोरी बांधत म्हणाला, "तुजी चुलती एकदा मोजून बसली हुती. बाजारात एकीनं इचारलं, पोरं किती? ही कौतुकानं बोलली, चार. आठ दिवसांत धाकटं पोरगं इंचवानं गेलं. त्यावर तिनं कवा आकडा काढला न्हाई, आन मी बी न्हाई."

त्या चौथ्या पोराबद्दल मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

विंचू मोजल्यामुळं चावत नाही. दवाखाना लांब आहे म्हणून पोर जातं. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, आणि ते खरं आहे. आजही मी तेच म्हणेन, कुठल्याही सभेत, कुणाच्याही तोंडावर. पण चुलती दारात उभी राहून ऐकत होती. मी वही मिटली.

मुदतीचे चारच दिवस उरले होते. सकाळी तात्या आपण होऊन आला, माझी वही उघडून पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, आकडा मागू नगंस. नावं सांगतो, लिव. मग बिरोबाच्या देवळाकडच्या पहिल्या घरापासून तो सुरू झाला. बाप, आई, लेक, सून, पाळण्यातलं पोर ज्याचं बारसं अजून व्हायचं होतं त्याला 'अमक्याचं तान्हं'. कळपामागं गेलेले, पलटणीत असलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. तो डोळे मिटून बोलत होता आणि त्याचा हात मांडीवर टेकत होता, मेंढीच्या पाठीवर टेकतो तसा. वहीची चार पानं भरली. शेजारी अनुक्रमांक घालायला मी पेन टेकवलं तर त्यानं नुसतं बघितलं. मी पेन उचललं.

पडताळणीला तलाठी आले, तरुणच होते, मोटारसायकलवर. यादी चाळून म्हणाले, आकडा कुठाय? मी म्हटलं, तुम्ही वाचा, माणूस पुढं येईल. देऊळ आणि हौदाची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. सगळी वाडी एका बाजूला उभी राहिली आणि नाव वाचलं की एकेक जण बोळातून पलीकडं गेला. कुणाच्या तरी तोंडून निघालं, तात्यानं वाघर लावलं रं. बायका हसल्या. बाहेर असलेल्यांची आधारकार्डं घरच्यांनी दाखवली. तात्या पाठमोरा उभा होता, माळाकडं तोंड करून. सगळ्यात शेवटी तोच गेला.

तलाठ्यांनी पेनाच्या टोकानं पानांवरची नावं मोजली. चेहरा बदलला त्यांचा. मान वर करून म्हणाले, "म्हणजे एकूण..."

"साहेब," मी म्हणालो, "आकडा कागदावर लिहा. तोंडानं काढू नका."

मीच म्हणालो. ज्यानं पाच हजार पत्रकं वाटली त्यानं. तलाठ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग चुलतीकडं, आणि काही न बोलता लिहिलं.

दहाव्या दिवशी भरलेला टँकर थेट वाडीवर आला. पाइप सोडला तेव्हा पाणी हौदाच्या त्या कडेपर्यंत चढलं जिथली शेवाळाची रेघ कैक वर्षांपासून वाळून काळी पडली होती. बायकांनी घागरी लावल्या. किती घागरी भरल्या ते कुणी मोजलं नाही, आणि मीही विचारलं नाही.