काकांच्या गोष्टीत काही बिघडत नाही

मिक्सर, इस्त्री, गिझर यांच्या खोक्यात घडी घातलेलं सूचनांचं पत्रक असतं ना, ते आमचे काका लिहितात. कुणी वाचत नाही. काका मात्र जीव ओतून लिहितात : 'ओल्या हाताने बटणाला स्पर्श करू नका. झाकण नीट बसल्याची खात्री करा.' घरीही तसंच बोलतात. काकू म्हणतात, लग्न करताना या माणसाची वॉरंटी विचारायची राहिली.

लग्नाआधी काका गोष्टी लिहायचे, मासिकांत छापून यायच्या. त्यांतली माणसं भांडायची, पळून जायची. एकाने तर स्वतःच्याच दुकानाला आग लावली होती. मग नोकरी लागली आणि गोष्टी आटल्या, त्या माझ्या जन्माआधीच.

यंदा काकांनी पुन्हा मनावर घेतलं. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधल्या बोळात टेबल टाकलं. ज्याला अंघोळीला जायचं त्याने पोट आत घ्यायचं. काका रोज संध्याकाळी तिथे बसायचे, लिहायचे, फाडायचे. चेहरा असा, की कुणीतरी मागून गचांडी धरलीय.

एकदा मला वाचायला दिलं. नायक तावातावाने घर सोडून निघतो. पण आधी गॅस बंद करतो, खिडक्या लावतो, किल्ली खिशात असल्याची खात्री करतो. तोवर राग निवतो आणि स्वारी जेवायला बसते.

"काका, यात काही बिघडतच नाही हो."

"इतकी वर्षं काही बिघडू नये म्हणूनच लिहितोय. हात आपोआप तिकडेच वळतो." मग खाली बघत म्हणाले, "ही शेवटची. नाही जमली तर टेबल काढू. तुझ्या काकूला कपाटाला जागा होईल."

त्याच रविवारी बाथरूमची कडी अडकली. काका आत, बाहेर मी एकटी. काकू बहिणीकडे गेलेल्या. आतून पत्रक सुरू झालं : घाबरू नका, जोर लावू नका, दार सावकाश आपल्याकडे ओढा. ओढलं, तर मूठच माझ्या हातात आली. पुढची सूचना पत्रकात नव्हती. मी सुताराला फोन केला. तो म्हणाला, निघालोच; म्हणजे अजून चहा व्हायचा होता.

आत सगळं गप्प. मला ते बरं वाटेना, म्हणून मी काकूंचा आवाज काढला. शेवटचा शब्द नाकातून सोडला की झाल्या काकू.

"अहो, किती वेळ? बाकीच्यांनी अंघोळी करायच्या की नाही?"

मीच आहे हे काकांना ठाऊक होतं. ते हसले. मग हसू थांबलं.

"मी बाहेर येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? आणि जेवण?"

"दाराखालून सरकव."

"शेजारी विचारतील, त्यांना काय सांगू?"

"सांग, गेला. कुठे ते सांगू नकोस."

मी काकू होऊन चिडले, रडवेली झाले, गोडीत घेतलं. काका तसूभर हलले नाहीत. इतका हट्टी माणूस मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता.

सुताराने पिशवी ठेवली आणि दोन मिनिटांचं काम आहे म्हणाला. आतून काका म्हणाले, "दादा, जरा थांबता का?" यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, आजच आलंय बहुतेक.

शेवटी त्याने कडी उचकटून काढली आणि नवी उद्या बसवतो म्हणाला. काका ओल्या हातांनीच टेबलाशी बसले. कागद भिजला, तरी उठले नाहीत.

संध्याकाळी काकू आल्या, तेव्हाही ते लिहीतच होते. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"अहो, त्या बिचाऱ्याला अजून आतच ठेवलंय? सोडवा की."

"नाही," काका म्हणाले. मान वर न करता.

काकू पुढे वाचत राहिल्या. "आणि ही दाराबाहेर कटकट करणारी बाई कोण?"

काकांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग काकूंनीही पाहिलं. मी पोट आत घेऊन बाथरूममध्ये शिरले आणि दार दोन्ही हातांनी आतून धरून उभी राहिले.