अस्गररावांनी तेल निवडलं

डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीवर अस्गर तिकिटं तपासतो. बोट समोरच्या बेटावर जाते आणि परत येते. तिसरीकडे कुठे जायची सोयच नाही, म्हणून हे काम त्याला मानवलं, असं आमची गल्ली म्हणते. गल्ली अगदीच खोटं बोलत नाही. लग्नाची मागणी विबेकेने घातली होती. अस्गरची वाट बघितली असती तर ती अजून आईकडेच राहत असती. मुलाचं नाव ठेवायला कायदा सहा महिन्यांची मुदत देतो. मुदतीच्या शेवटच्या दुपारी विबेके एकटीच चर्चच्या कचेरीत गेली आणि पोराचं नाव येप्पे ठेवून आली.

माणूस मात्र गोड. कुणालाही नाही म्हणत नाही, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

या वसंतात त्याने बैठकीच्या खोलीतल्या जुन्या पाइनच्या फळ्या भाड्याचं मशीन आणून घासून काढल्या. काम इतकं सुरेख झालं की फळ्या नुकत्या सोललेल्या बटाट्यासारख्या दिसायला लागल्या. आता त्यांवर लावायचं काय?

शेजारच्या एलिनोरआजी म्हणाल्या, आधी क्षाराचं पाणी फिरव, म्हणजे लाकूड पिवळं पडत नाही, आणि वरून साबणाचं पाणी. डॅनिश आईच्या पोटी जन्मलेल्याने दुसरा विचारच करू नये. आजींची जमीन इतकी पांढरी आहे की त्यांच्याकडे कॉफी पिताना माणूस कप दोन्ही हातांनी धरतो. समोरच्या पालेचं मत लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण. होडीला लावतो तेच लॅकर त्याने घरभर, जिन्याला आणि कुत्र्याच्या खोपट्यालाही फासलंय. पाद्रीणबाईंनी गडद अक्रोडी रंग सुचवला, कारण चर्चच्या बाकांना लावून तो डबाभर उरला होता.

अस्गरला तिघांचंही पटलं. त्याने तिघांचेही नमुने लावून बघितले, मग त्यांच्या अधलेमधले. खोलीला गोवर आल्यासारखं झालं. ते सगळं पुन्हा घासलं, पुन्हा नमुने लावले. फळ्या पातळ होत चालल्या, मत काही घट्ट होईना. खुर्च्याटेबलं मागच्या शेडमध्ये, आणि दोघं जेवतात स्वयंपाकघरात उभ्याने.

विबेकेने हे सगळं चालू दिलं. पण लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तोंडावर आला. त्या सकाळी गल्ली दारावर हिरव्या फांद्यांची कमान बांधते, तुतारी वाजवून गाणं म्हणते. नवराबायकोने आपल्याला काही ठाऊकच नव्हतं असा चेहरा करायचा आणि सगळ्यांना आत घेऊन गोल पाव, चीज आणि कडू दारूचा घोट द्यायचा. ही न्याहारी कुणाकडे कशी झाली, हे गल्ली मरेपर्यंत विसरत नाही.

"वाढदिवस झाला की सोमवारी गालिचेवाला येतोय," विबेकेने एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मातकट रंगाचा. त्याआधी तू काही ठरवलंस, तर त्याला नको म्हणून कळवीन."

एवढ्या मायेने घासलेल्या फळ्या मातकट गालिच्याखाली जन्मभर गाडल्या जाणार होत्या.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी अस्गर पाहुण्यांसाठी निदान धूळ तरी पुसावी म्हणून ओलं फडकं फिरवत होता. ओली फळी मधासारखी उजळली, तिच्यातल्या रेषा वर आल्या. अस्गर फडकं हातात धरून बघत राहिला. मग उठला, आणि रंगाचं दुकान बंद होता होता तिथे पोचला. लाकूड ओलं दिसतं तसंच कायम दिसायला हवं, एवढंच तो म्हणाला. दुकानदाराने तेलाचा डबा दिला. कुणाचा सल्ला नाही, काही नाही! तो घरी पोचण्याआधी बातमी गल्लीत पोचली होती.

विबेके वर झोपायला गेल्यावर खिडकीपासून सुरुवात करून त्याने जिन्यापर्यंत मागे सरकत तेल लावलं आणि समाधानाने वर झोपायला गेला. सकाळपर्यंत वाळेल, हा त्याचा हिशेब. पण बंदरावरच्या दमट हवेला त्याने विचारलं नव्हतं.

सकाळी तुतारी वाजली. अस्गरने शेवटच्या पायरीवरून फळीला बोट लावलं. मुरंब्यासारखं चिकटलं. जिना उतरतो याच खोलीत, आणि बाहेरचं दार नि स्वयंपाकघर दोन्ही पलीकडे. बाहेर गाण्याची सगळी कडवी संपली. पालेने काचेला नाक लावून जमीन ओली असल्याचं जाहीर केलं, तेव्हा लोकांनी दुसरं काही सुचेना म्हणून गाणं पुन्हा सुरू केलं.

विबेके झोपायच्या कपड्यांतच खाली आली. ती सरळ चालत जाऊन दार उघडणार, यात अस्गरला शंका नव्हती.

"जा तू," तो हळूच म्हणाला. "पुन्हा घासता येईल."

ती जमिनीकडे बघत राहिली. "तूच निवडलंस?"

"हो."

"एलिनोरआजींना विचारलं नाहीस?"

"नाही."

ती वळली, वर गेली आणि खिडकी उघडली. "पाले, शिडी आण. होडीची नको, लांब आण."

तर लग्नाच्या पंचविशीला विबेके झोपायच्या कपड्यांत आणि अस्गरच्या, वरच्या खोलीत ठेवलेल्या रबरी बुटांत शिडीवरून उतरली. सारी गल्ली तेवढा वेळ सभ्यपणे धुराड्याकडे बघत होती. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून तिने पाव, चीज, बाटल्या खिडकीतून बाहेर द्यायला घेतल्या. एलिनोरआजींनी पुढचं दार ढकलून एक पाय उचललाच होता.

"आजी, पाऊल आत टाकायचं नाही," विबेके स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ते आमचं तेल आहे. आणि गालिचेवाल्याला मी आजच नको म्हणून कळवतेय."

आजींनी पाय मागे घेतला. अशी आज्ञा त्यांना गल्लीत आजवर कुणी केली नव्हती.

वर अस्गरने हे ऐकलं आणि उजळलेल्या चेहऱ्याने एक पाय खिडकीबाहेर टाकला. मग थबकला. तोंड शिडीकडे करून उतरावं की गल्लीकडे, असं त्याने खाली विचारलं. पालेचं एक मत पडलं, एलिनोरआजींचं दुसरं, आणि पाद्रीणबाईंनी दोन्हींना हरकत घेतली. पावांची टोपली रिकामी झाली तेव्हाही अस्गरचा दुसरा पाय आतच होता.