स्वल्प अक्का

अक्कांनी आमच्या अ‍ॅपला कधी तीनच्या वर स्टार दिले नाहीत. "चार दिले तर तुम्ही माजाल, दोन दिले तर मलाच वाईट वाटेल," म्हणायच्या. नवं अपडेट आलं की चष्मा लावून सगळं उघडून बघायच्या आणि तीन स्टारांखाली मराठीत अभिप्राय लिहायच्या. "रंग स्वल्प भडक झालाय." "बटण स्वल्प खाली पाहिजे होतं." स्वल्प म्हणजे कानडीत थोडंसं. मी नागपूरची, आमच्याकडे स्वल्प फक्त विरामाला चिकटलेला असतो. म्हणून मनातल्या मनात मी त्यांचं नाव स्वल्प अक्का ठेवलं.

त्या माझ्या घरमालकीण. बसवनगुडीत त्या खाली, मी वर. त्यांचं मराठी घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. मी दोन बॅगा घेऊन आलेली, कोरमंगलातल्या एका मेसेजिंग अ‍ॅपच्या कंपनीत डिझायनर म्हणून. हे कळल्यावर तक्रारीची खिडकीच घरात राहायला आल्यासारखं त्यांना झालं. रोज सकाळी जिन्यात गाठायच्या. "मुली, निरोप सांगायला अ‍ॅप केलं की जत्रा भरवायला? पैसे पाठव, बातम्या बघ, खेळ खेळ. आणि कोपऱ्यात तो गोल कोण की बसवलाय? न बोलावता विचारतो, काय मदत करू म्हणून."

"तो एआय आहे, अक्का."

"असेना. पाहुण्यानं स्वल्प दाराबाहेर थांबावं."

आवडलेलं सांगतानाही त्या हात आखडत नसत. अक्षरं मोठी करता येतात आणि न लिहिता बोलून निरोप धाडता येतो, यावर बेहद्द खूश. असा निरोप संपवताना, कानडीत 'बरं' म्हणतात तसं, "सरी, ठेवते" म्हणायच्या, जणू पलीकडे कुणी फोन धरून उभं आहे. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "न सांगता उठून जायचं का मग?"

पण त्यांचा खरा जीव होता नावाखाली उमटणाऱ्या 'टायपिंग…' या अक्षरांवर. दुपारी कढीपत्ता निवडताना फोन समोर उघडा असायचा, देवनहळ्ळीच्या धाकट्या भावाच्या चॅटवर. वडिलांचं शेत त्यानं बहिणीला न विचारता घरांच्या लेआउटसाठी, प्लॉट पाडायला विकलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आधी आपण लिहायचं नाही, हा अक्कांचा हट्ट. तिकडून अधूनमधून 'टायपिंग…' यायचं, थांबायचं, विझायचं. मेसेज काही यायचा नाही. "आज दोनदा लिहायला बसला बघ," त्या म्हणायच्या, आणि त्या दिवशी वर माझ्यासाठी सांबाराचा डबा यायचा.

एका अपडेटमध्ये आमच्या टीमनं नेमकं तेच काढून टाकलं. स्क्रीन मोकळी दिसावी म्हणून. दिसायला अ‍ॅप खरंच देखणं झालं होतं. दुसऱ्या दिवशी अक्का जिन्यात आल्या नाहीत, तेव्हा मीच खाली गेले. फोन उपडा ठेवलेला होता.

"छान दिसतंय की," त्या हळूच म्हणाल्या. "पण आता तो लिहायला बसतो की नाही, मला कसं कळायचं?"

त्यांनी पहिल्यांदाच एक स्टार दिला होता आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं.

ऑफिसात मी आधी हिंदीत भांडले, मग इंग्रजीत, आणि डोकं फिरल्यावर अस्सल नागपुरीत. मॅनेजर म्हणाला, "एका आजींसाठी?" मी विचारलं, "आईशी भांडण झाल्यावर तू तिच्या चॅटमध्ये काय बघत बसतोस?" पुढच्या अपडेटला 'टायपिंग…' परत आलं.

त्यानंतर काही दिवसांनी अक्का धापा टाकत जिना चढून वर आल्या आणि फोन माझ्या नाकाशी धरला. भावाचा मेसेज होता. एकच शब्द. 'स्वल्प'.

"अर्धवट गेलाय, अक्का. चुकून बोट लागलं असेल."

"लागू दे. पुढचं मला येतं की! स्वल्प सांभाळून घे, दुसरं काय?" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात नावाखाली पुन्हा 'टायपिंग…' आलं. "पुरे झाले त्याचे कष्ट," म्हणत त्यांनी माइकचं बटण दाबलं. "उद्या येते. बिसिबेळे भात करून ठेव. सरी, ठेवते."

आता मी नोकरी बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. अक्कांचा अर्धा मुक्काम देवनहळ्ळीला, त्याच लेआउटमध्ये, भावाच्या घरी असतो. तिथल्या रस्त्यांनाही त्या तीनच स्टार देतात म्हणे.

परवा त्यांची फार आठवण आली. चॅट उघडलं. 'अक्का, तुमची' एवढं लिहिलं आणि पुसलं. 'कशा आहात' लिहिलं, तेही कोरडं वाटलं, म्हणून पुसलं. जगाच्या बोलण्याची सोय करून पोट भरणारी मी, पण मला शब्द सापडेना. फोन ठेवणार, तोच त्यांचा मेसेज आला.

"लिहितेस ते दिसतंय, मुली. स्वल्प असेना, पाठव की."