वाघ्याचं नैसर्गिक अन्न

आमच्या घराण्यात मांस पहिल्यांदा मी आणलं, आणि तेही छत्रीतून.

दादा, म्हणजे माझे वडील, गेले आणि त्यांच्या वाघ्यानं अन्न सोडलं. माढ्याकडच्या एका धनगरानं दादांना दिलेला हा कुत्रा. नाव वाघ्या, पण आमच्यासारखाच शाकाहारी! ज्वारीची भाकरी आणि ताक यांवर चांगला दांडगा झाला होता. आता मात्र भाकरी नुसती हुंगायचा आणि तोंड फिरवून पडून राहायचा. बरगड्या दिसू लागल्या. दादांच्या मागोमाग हाही जातो की काय, या धास्तीनं आम्हा नवराबायकोलाही जेवण गोड लागेना.

मी हायस्कुलात सायन्स शिकवत असे. (अशा माणसाला साधा उपाय सहसा सुचत नाही.) शाळेतल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं, की कुत्रा हा लांडग्याचा भाऊबंद, त्याचं नैसर्गिक अन्न म्हणजे कच्चं मांस.

"वाघ्याला भाकरी घालून आपण निसर्गाविरुद्ध वागलो!" मी घरी जाहीर केलं.

"निसर्गाला सोवळंओवळं नसेल. मला आहे," बायको म्हणाली. मग वाघ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "आणायचं तर आणा. पण उंबऱ्याच्या आत नाही. आणि कुणाला दिसता कामा नये!"

रविवारी ऊन चढल्यावर मी खाटकासमोर उभा राहिलो.

"कुत्र्यासाठी हवंय," त्यानं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं.

"सब लोगां पैले ऐसाइच बोलते, मास्तरसाब!" तो प्रेमानं म्हणाला, आणि पळसाच्या पानात पुडकं बांधून दिलं.

पुडकं मी मिटलेल्या छत्रीत सोडलं. बेत अगदी निर्दोष होता. फक्त सोलापूरचं ऊन मी जमेत धरलं नव्हतं! टाळू तापलेली, छत्री मिटून काखेत, आणि मागे गल्लोगल्लीची कुत्री. लग्नाच्या वरातीतही माझ्यामागे एवढी गर्दी नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या गोदाकाकू भेटल्या. देवळातून येत होत्या.

"अहो मास्तर, छत्री उघडा की! घेरी येऊन पडाल."

"मोडलीय, काकू."

"बघू बरं." मी नको नको म्हणेपर्यंत काकूंनी छत्री ओढून घेतली आणि फाडकन उघडली!

पुडकं त्यांच्या पायाशी पडलं. पान सुटलं.

"हे... वाघ्यासाठी," मागची कुत्री झडप घालायच्या आत पुडकं उचलत मी पुटपुटलो.

"वाघ्या तर भाकरी खातो की!" काकूंनी पदर नाकाला लावला. "तुमचे दादा जाऊन अजून महिना नाही झाला, मास्तर."

ऊन बरं, असं झालं मला.

घरी येऊन मांस वाघ्यापुढे ठेवलं. त्यानं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेपूट पायांत घालून तो तुळशीमागे जाऊन बसला. फाटकातून घुसलेल्या वरातीनं पान चाटूनपुसून साफ केलं. (ते मासिक त्यांनी वाचलेलं असावं.)

"झालं सायन्स?" बायकोनं दारातून विचारलं. "आता आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही."

"मग पाणी दे."

"नळ संध्याकाळी येतो."

मी अंगणातल्या पायरीवर बसलो. तिनं ताट लांबूनच सरकवलं. भूक लागली होती, पण काकूंचं बोलणं आठवलं, दादा आठवले, आणि हातातला घास हातातच राहिला. तेवढ्यात कोपराला काहीतरी ओलं लागलं. वाघ्याचं नाक! मी घास पुढे केला. त्यानं खाल्ला. दुसराही खाल्ला.

"मामंजी असेच बसायचे," बायको दारातूनच म्हणाली. "गुडघे दुखायला लागल्यापासून दुपारचं जेवण पायरीवरच. एक घास स्वतःला, एक याला. तुम्ही तेव्हा शाळेत असायचात."

ती आत गेली आणि डोळे पुसत आणखी एक भाकरी घेऊन आली. या वेळी तिनं ती लांबून सरकवली नाही. शेजारीच बसली.

वाघ्या हळूहळू भरला. पण मी पायरीवर बसलो तरच तो जेवायचा. म्हणून मीही दोन्ही वेळा बाहेरच जेवू लागलो. गोदाकाकूंनी गल्लीभर सांगितलं, "मांस खातात ना, म्हणून बायकोनं कायमचं बाहेर बसवलंय!"

शेवटी खुलासा करायला मी काकूंच्या घरी गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चहा मला पायरीवरच आणून दिला.