गाय माझ्या माहेरची

बातमी आली तीसुद्धा दुसरीच्या नावाने आली. भाचीच्या बारशासाठी मी महाडला भावाकडे गेले होते. सकाळी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात आमच्या कापडे गावचा म्हादू पहिल्या एस.टी.ने उतरून थेट दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "वैनी, थोरल्या वैनींची गाय गेली. तुमाला लगोलग बलावलंय." मेल्या, इतकी वर्षं शेजारी राहतोस आणि ती गाय कुणाच्या बापाने दिली ते ठाऊक नाही तुला? अगदी ओठावर आलं होतं, गिळलं... तांबी गेल्याचं दुःख मागाहून आलं. आधी आला तो राग. महिना होऊन गेला, आता खोटं कशाला सांगू? तांबीबद्दल लिहायचं तर मला माझ्या मत्सराबद्दलच लिहावं लागेल. दोन्ही एकाच गोठ्यात वाढले.

तांबी जन्मली पाचाडला, आमच्या गोठ्यात, भर दुपारी. मी सोळा वर्षांची, सातवी पास होऊन घरी बसलेली. पुढचे दोन पाय दिसले तशी मी बाबांना हाका मारत सुटले, पण ते शेतावरून येईपर्यंत वासरू पेंढ्यावर पडलंसुद्धा होतं. तिच्या नाकातोंडातला चिकटा मी पदराने पुसला. खूर अजून पिवळे, मऊ, नखाने दाबले तर दबतील असे. दोनदा तोंडावर आपटून तिसऱ्यांदा ती उभी राहिली, आणि तिला कासेला लावून पहिला चीक तिच्या तोंडात गेला तो माझ्या हाताने. बाबा हसून म्हणाले, "ही तुजी गो. तू जाशील तिथं ही येईल." त्यांनी शब्द पाळला. पुढे दीड वर्षाने माझं लग्न झालं तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर तांबीही आंदण आली. बैलगाडीच्या मागे बांधून दोन दिवस चालवत आणली तिला, मधे महाडला मुक्काम करून.

माझे यजमान मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला यायचे तेवढेच. घर चालायचं थोरल्या दिरांच्या शब्दावर आणि जाऊबाईंच्या हातावर. जाऊबाई उंच, काळ्यासावळ्या, हात खरखरीत, तोंडाला सदा मिश्रीचा वास. अक्षरओळख नाही. नव्या दावणीला तांबी तीन दिवस हंबरली, चाऱ्याला तोंड लावेना. मीही जेवत नव्हते, पण मला हंबरायची सोय नव्हती. त्या घरात माझ्या ओळखीचं जिवंत असं ती एकटीच होती. येता-जाता गोठ्यात जाऊन मी तिच्या मानेला मिठी मारायची.

पण आषाढ आला. नव्या नवरीने पहिल्या आषाढात सासरी राहायचं नाही म्हणून मला माहेरी धाडलं. नवरीला माहेरी धाडतात, तिच्या कालवडीला कोण धाडतं? महिन्याभराने परत आले ती तळहातावर गुळाचा खडा घेऊन थेट गोठ्यात शिरले. "तांबे," म्हटलं. तिने एकदा बघितलं आणि रवंथ करत राहिली. मागून जाऊबाई बादली घेऊन आल्या. "तांबू गोऽ..." म्हणाल्या मात्र, हिचे कान उभे! दावं ताणून मान पुढे केली. नावसुद्धा बदललं होतं बाईंनी. गूळ माझ्या हातात तसाच चिकटून राहिला. इतकी आग आग झाली अंगाची... मला वाचता येतं, लिहिता येतं, हिशेबाची वही मी ठेवते, आणि ह्या बाईने एका महिन्यात माझ्या बापाची गाय आपलीशी केली!

पुढे तांबी माजावर आली, गाभण राहिली, पोट उतरलं, कास भरली. पहिलं वेत झालं तेव्हा मी आतुर होऊन दाराशी उभी, आणि आत जाऊबाई तिची पाठ चोळत बसलेल्या. बाळंतिणीला करावं तसं बाजरी आणि गूळ शिजवून घातला तिला. खरवस मला आधी वाढला, "घे गो, तुज्या गायीचा हाय," म्हणाल्या. मला ते टोचून बोलणंच वाटलं. दूध काढायला मी बसले की तांबी पान्हा चोरायची. वासरू ढुशा देऊन दमायचं, माझी बोटं दुखायची, चरवीचा तळसुद्धा भिजायचा नाही. जाऊबाई म्हणायच्या, "दमानं घे. तिला वळखीचा हात लागतो." ओळखीचा! तिच्या नाकातला चिकटा कुणी पुसला होता?

एकदा जाऊबाई चार दिवस पोलादपूरला लग्नाला गेल्या. दूध मी काढीन, मी म्हटलं. आमच्याकडे धार काढणारी बाई बाहेरगावी गेली की आपलं गोठ्यातलं लुगडं मागे ठेवते. गाय लुगडं ओळखते, दुसरी कुणी ते नेसून बसली तर पान्हा सोडते. जाऊबाईंनीही ठेवलं होतं, खुंटीवर, मला दिसेल असं. मी हात लावला नाही. मला नको त्यांची मेहेरबानी. पहिल्या दिवशी तांबीने दोन्ही वेळा लाथ मारून चरवी पाडली. दुसऱ्या दिवशी कास तटतटून गरम झाली, हात लावू देईना... माझ्या हट्टापायी ती कायमची बिघडेल या भीतीने शेवटी मी ते शेणाचा वास मारणारं लुगडं नेसले. तांबीने माझा खांदा हुंगला, कोपर चाटलं, आणि धार चरवीत वाजायला लागली. चरवी भरेपर्यंत मी रडत होते. माझ्याच गाईचं दूध मला दुसरीच्या लुगड्यात शिरून घ्यावं लागलं होतं.

जाऊबाई परतल्या. "दिलं ना गो दूध?" विचारलं. "दिलं की. न द्यायला काय झालं?" मी नाकावर टिच्चून म्हणाले. लुगडं मी धुऊन पुन्हा खुंटीवर ठेवलं होतं. चार दिवसांत ते स्वच्छ कसं झालं, हे त्यांना कळलं नसेल? त्यांनी ते कमरेला गुंडाळलं आणि शेणाची पाटी उचलली. काही बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

अशी आठ वेतं झाली. माझी दोन मुलं तिच्या दुधावर वाढली, तिचे खोंड आमच्या नांगराला आले. मग ती गाभण राहीचना. बैलाकडे दोनदा नेली, फुकट. भाकड झाली. एक दिवस थोरले दीर ओटीवर भिंतीकडे तोंड करून जाऊबाईंना म्हणाले, कारण माझ्याशी ते थेट बोलत नसत, "व्यापारी आलाय गुरं घ्यायला. गाय तिच्या माहेरची, तिला इचार." इतक्या वर्षांत त्या घरात हे पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. तेवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. मी चुलीकडे बघितलं. जाऊबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला होता. आणि मी म्हणाले, "विका. नुसती खाऊन बसलीय." दुसरं काही मनात नव्हतं, त्यांना दुखवायचं होतं. त्या खाली बघत म्हणाल्या, "तिची गाय, तिचा शबुद."

व्यापाऱ्याने दावं धरलं तर तांबी जागची हलेना. शेवटी जाऊबाईच पुढे झाल्या आणि तिला सडकेपर्यंत घेऊन गेल्या. मी मागून गेले. का? तर त्यांना रडताना बघायचं होतं मला, सांगायला लाज वाटते. सडकेवर त्यांनी तिच्या गळ्याखाली हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जा बाय. तुज्या मालकिणीनं सांगितलंय. तिच्यापुढं मी कोण?" मी मागे उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ऐकवायला नव्हतंच ते. गोठ्यात गाईशी एकट्या बोलताना त्या मला मालकीणच म्हणत आल्या असाव्यात... मी जाऊन व्यापाऱ्याच्या हातातून दावं ओढलं. "नाही द्यायची," म्हटलं. तो शिव्या घालत गेला. आम्ही घरी निघालो. दावं माझ्या हातात होतं, पण तांबी चालली ती पुढच्या जाऊबाईंच्या मागे. आणि हो, तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच.

त्यानंतर दोन वर्षं जगली ती. त्या दिवशी म्हादूबरोबर मी कापड्याला पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. शेताच्या कडेला खड्डा तयार होता, माणसं सकाळपासून विड्या ओढत खोळंबलेली, थोरले दीर वैतागलेले. जाऊबाईंनी कुणाला माती लोटू दिली नव्हती. "जिची हाय ती आल्याबिगार नाय," एवढंच म्हणत होत्या. त्यांनी हळदकुंकवाची कोयरी माझ्या हातात दिली. तांबीचं कपाळ गार झालं होतं. मी बोटं टेकवली आणि मला हुंदका आवरेना.

सगळं झाल्यावर आम्ही दोघी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो. राहवेना, मी विचारलं, "शेवटी... काय केलं तिनं?" जाऊबाई माझ्या हातावर पाणी ओतत म्हणाल्या, "तुजी वाट बघत हुती गो. महाडच्या सडकंकडनं डोळं हलवलं नाय तिनं."

मी ते वाक्य उराशी धरून घराकडे निघाले आणि निम्म्या वाटेत थांबले. गेल्या दिवाळीपासून तांबीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. जाऊबाईच तिला हाक देत देत पाण्यावर नेत. जन्मात कधी खोटं न बोललेली ती बाई माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि तेही धड जमलं नव्हतं. शेवटी काय झालं असेल ते मला सांगायला नको. तांबीने त्यांच्या मांडीवर मान टाकली असेल, त्यांचा हात चाटला असेल. ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं. मी असते तर साऱ्या वाडीला सांगत फिरले असते.